फेल्युअर रजिस्टर

चाळीसगावहून झुलाल देवरे फोनवर म्हणतो,
"तू हाराले लागना का तुनं नेट जास, भो!"
आणि हसतो, पूर्वी कंट्रोलच्या फोनवर हसायचा तसा,
मधल्या सगळ्या स्टेशनांना ऐकू जाईल इतका.

खोटं नाही. काल माझा वजीर अडकला होता
आणि नेमकं तेव्हाच ते चक्र पडद्यावर फिरू लागलं,
घाण्याच्या बैलासारखं.

कंपनीची मुलगी सांगते,
राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा.
बाई, चौतीस वर्षं मी सिग्नल सांभाळले,
भुसावळ ते निंभोरा.
एकही स्टेशन
बंद करून, तीस मोजून, पुन्हा चालू केलं नाही.
बिघाड झोपतो तेवढ्याने. मरत नाही.

म्हणून माळ्यावरून जुनं रजिस्टर काढलं,
कोऱ्या पानांवर पट्टीने रकाने आखले.

५ मे. सकाळी सात: पिंग नऊ. दिवा हिरवा.
अकरा वीस: पिंग आठशे, मग काहीच नाही.
दोन वाजता: लाल. बाहेर शेहेचाळीस.
सव्वापाच: आपोआप बरं.
कारण:

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आमच्या खात्याने शिकवलं.
राउटर पिठाच्या डब्यामागून काढून टीव्हीवर ठेवला.
स्वयंपाकघरात वेग दुप्पट झाला,
दुपार तशीच मेली.
मग ॲडाप्टर बदलला. मग संशय कूलरवर:
पंप लागला की व्होल्टेज पडत असणार.
कूलर बंद.
भुसावळात, मे महिन्यात, शास्त्रासाठी.
कोकिळा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन समोर बसून राहिली.
तिच्या न बोलण्यासाठी
रजिस्टरात रकाना नव्हता.

अकरा वीसला नेट गेलंच.

चौथ्या दिवशी मुबारक तडवी आला,
यावलचा पोरगा, कमरेला मीटर.
नऊ वाजता मोजलं: उणे एकोणीस.
"काका, लाइन एकदम झकास."
म्हटलं, बस. पोहे खा. अकरा वीसपर्यंत हलायचं नाही.
बसला बिचारा.
अकरा अठराला उणे एकोणतीस,
आणि दिवा लाल.

आम्ही दोघं गच्चीवर धावलो, अनवाणी, हे विसरून की मे आहे.
खाटेवर बिबड्या, ज्वारीच्या, ओल्या, ओळीने,
वर कावळ्यांसाठी कोकिळाचं सुती पातळ ताणलेलं.
एक टोक टाकीच्या पाइपाला,
दुसरं आमच्या काळ्या वायरीला,
पक्की निरगाठ.
गाठीपाशी वायर काटकोनात मुडपलेली.

"आत काच असते काका, केसाएवढी," मुबारक म्हणाला,
पाय आलटून पालटून उचलत.
"उजेड इतका वळत नाही."

मी आयुष्य तांब्याच्या तारेत काढलं.
तांबं वाकतं, समजून घेतं.
उजेडाचं मला ठाऊक नव्हतं.

"मला काय माहीत," कोकिळा म्हणाली,
"कधीची लोंबत होती, दोरीच वाटली.
आणि विचारायचं होतं ना मला,
कूलर बंद करण्याआधी."

रजिस्टरात लिहिलं.
कारण: पातळ, सुती, एक.
खाली मुबारकची सही घेतली. तो हसला, पण केली.

तीन वाजता कूलर चालू, पिंग नऊ, झुलालशी डाव.
एकतिसाव्या चालीला माझा राजा कोपऱ्यात,
समोर त्याचा हत्ती, पळायला घर नाही.
हात एकदा राउटरकडे गेला, खरं सांगतो.
कोकिळा भाजलेली बिबडी बाजूला ठेवून गेली,
दिव्याकडे एक नजर टाकून.

हिरवा सिग्नल असताना गाडी थांबवली
तर कारण लिहावं लागतं.

मी हरलो.
बिबडी कुरकुरीत होती, मीठ किंचित जास्त.