फुटाण्याला वास लागला

येऊरला राहायला येऊन सात महिने झाले होते,
आणि फुटाण्याला अजून वाटत होतं
की जंगल म्हणजे मोठी सोसायटी,
जिचा सेक्रेटरी तोच.

त्या रात्री आधी आला आंबेमोहोराचा वास.
दीड वाजता कोण भात शिजवतंय, म्हणून मी उठले.
शेगडी गार. पातेली पालथी.
वास कौलांवरून चालत गेला, फणसाकडे उतरला.
मग कुत्र्याचा एकच आवाज, भुंकणं नव्हे,
गंजलेलं दार ओढावं तसा.
आणि नंतर जे आलं
त्याला वास म्हणणं म्हणजे
पुराला ओल म्हणण्यासारखं.

तो थेट माझ्या गादीवर आला.
दुसरीकडे कुठे जाणार.

मग शिकेकाई. मग दही, बेसन.
लिंबं नऊ.
खाण्याचा सोडा, डबा खरवडून.
तीन वाजता मोरीत आम्ही दोघं,
तो कापत उभा, शेपूट पोटाशी,
अंगाला भज्यांचं पीठ.
मुलीला फोन लावावासा वाटला. लावला नाही.
ती म्हणाली असती, सांगितलं होतं ना.

सकाळी पाटोणापाड्याची सोनकी करवंदं घेऊन आली,
फाटकाशीच थांबली, नाकाला पदर, डोळ्यांत हसू.
"कांडेचोर. त्याची वाट हाये ही, कौलावरून फणसाला.
तुमचं घर मधे आलं."
पैसे घेतले. आत मात्र आली नाही.

पासबुक भरायला वर्तकनगरला जाणं भाग होतं.
बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसेना,
मग मागच्या बाकावरही.
एक बाई उपवन यायच्या आधीच उतरली.
मी खिडकीशी, ऐसपैस,
नऊ लिंबांची महाराणी.

बँकेत एसी.
माणसं आपापल्या चपलांचे तळ बघू लागली.
कॅशियर उदबत्ती शोधत होता.
दाराशी बंदूकवाला, छातीवरच्या पट्टीवर नाव रावजी पागी,
आठ वर्षं माझ्यासाठी दार उघडतोय,
चेहऱ्याकडे कधी बघितलं नाही. त्याने माझ्या, मी त्याच्या.
तो जवळ आला. मी म्हटलं, निघतेच.
तो हळूच म्हणाला, "कांडेचोर ना?"
आणि श्वास घेतला, पूर्ण, आतपर्यंत,
घरून आलेला डबा उघडावा तसा.

"जव्हारला आमच्या माळ्यावर होता. तीन पिलं.
बाप म्हणायचा, ताडीचं मडकं आधी तोच चाखतो,
मग आपण."
मशीन करकरत राहिलं,
व्याजाच्या ओळी छापत,
आणि तो बंदूक भिंतीला टेकवून सांगत राहिला
पिलांच्या डोळ्यांचा रंग.

रात्री पुन्हा भाताचा वास आला, कौलांवरून.
फुटाण्याने एक कान उचलला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि पातेल्यासारखा
पालथा पडून राहिला.