डिसेंबरातले कंगवे

डिसेंबर लागला की हळदोण्यात कंगवे संपतात.
केसांसाठी नव्हे,
कुळकुळांसाठी.
मैद्याची गोळी दातांवर दाबायची,
अंगठ्यानं गुंडाळत न्यायची,
की तिच्या पाठीवर शिंपल्यासारख्या रेघा उठतात.
हे मला कळलं दुकान घातल्याच्या तिसऱ्या वर्षी.
तोवर वाटायचं,
सणासुदीला पलीकडच्या वाड्यावर उवा फार होतात.

आता नोव्हेंबरातच म्हापशाहून चार डझन आणून ठेवतो.
एस्पेरान्साबाय एकेक कंगवा उजेडात धरते.
"बारीक दातांचा नको रे, उपेंद्र.
खायचं आहे, विंचरायचं नाही."

या दिवसांतलं काय आवडतं, असं कुणी विचारत नाही,
पण विचारलंच तर आधी हे सांगेन.
मग थंडी.
आमची थंडी पहाटे पाच ते सात,
पंखा पाचावरून दोनावर, एवढीच.
तेवढ्यासाठी पदेर कानटोपी घालतो,
मग त्याचा भोंपू त्यालाच ऐकू येत नाही,
म्हणून तो आणखी जोरानं वाजवतो,
आणि सगळं गाव
थंडीच्या आधी जागं होतं.

दोदोलही आवडतो.
दातांना आवडत नाही, पण त्यांचं मत कोण घेतो?

ज्योकीचं नक्षत्र चार टोकांचं आहे.
पाचव्या टोकाला लागणारी कांब
माझ्याकडेच संपली होती.
येणारे-जाणारे त्याला पतंग म्हणतात.
रात्री आत दिवा लागला
की म्हणत नाहीत.

बोस्त्यावचा गोठा मात्र पाहण्यासारखा.
नाचणी पेरून हिरवं कुरण करतो,
दोनदा कोंबड्यांनी खाल्लं, तिसऱ्यांदा उगवलं.
झावळ्यांच्या छपरावर कापूस, म्हणजे बर्फ.
फ्रीजबाहेरचा बर्फ गावात कुणी पाहिलेला नाही,
तरी तो कापूस पाहून बायका पदर, शाल, जे असेल ते
खांद्यावर ओढून घेतात.
गाय, गाढव, मेंढरं, तीन राजे,
आणि कडेला एक प्लास्टिकची मगर.
मगर कशाला, मी विचारलं.
"आली असेल तीही," बोस्त्याव म्हणाला,
"रात्रीची वेळ. कोण मोजायला बसलं होतं?"

एक कोडं मला सव्वीस वर्षांत सुटलेलं नाही:
नेवऱ्यांचा साचा मुळात कुणाचा?
दिवाळीत तो आमच्याकडे असतो,
नाताळात एस्पेरान्साबायकडे.
माझी बायको म्हणते आमचा,
ती म्हणते तिच्या माईचा.
भांडण दोघींचं पक्कं,
साचा मात्र ज्या घरी सण, त्या घरी बिनबोभाट जातो.

एकतीस तारखेला पोरांनी रस्त्यात दोरी आडवी धरली.
मोडक्या खुर्चीत पेंढ्याचा म्हातारा, सरतं वर्ष.
यंदा त्याचा शर्ट ओळखीचा वाटला.
खिशावरचा शाईचा डागही.
कानामागे पेन्सिल खोचलेली, माझ्यासारखीच,
आणि पोट,
पोट जरा जास्त भरलं होतं, असं माझं म्हणणं.
पोरांनी दहा रुपये मागितले.
स्वतःसाठी एवढे द्यायचे का, म्हणून घासाघीस केली,
मग वीस दिले.
शर्ट कुणी दिला, ते घरी विचारलं नाही.
सुलभा त्या संध्याकाळी
उगाचच फार कामात होती.

बाराला म्हातारा पेटवला.
चांगला जळलो मी. कापड सुती होतं.
पोरं नाचली, कुत्री पळाली,
आणि शेवटची बाही विझता विझता आठवलं,
खिशात बोस्त्यावच्या उधारीची चिठ्ठी होती:
कापूस, दिव्यांची माळ, मगर एक,
एकूण तीनशे चाळीस.

शेजारीच उभा होता तो. टाळ्या वाजवत.
नव्या वर्षाच्या पहिल्या मिनिटाला
माणसानं पैशाचं बोलावं का?
नाही बोललो.

सकाळी दुकानाच्या पायरीवर ताट,
क्रोशाच्या रुमालाखाली बोस्त्यावकडची कुळकुळं.
रेघा जाड, म्हणजे कंगवा आमचाच.
रुमाल झटकून पाहिला, ताटाखालीही पाहिलं.
पैसे नव्हते.
कुळकुळं झकास होती.
आता प्रश्न एवढाच,
ताट रिकामं परत कसं पाठवायचं?