पहिलं पाणी

शनिवारी दुपारी मी देवाचे कपडे धुते.
गावात असं म्हणतात. देवाला कपडे कसले,
चषक पुसायची सात फडकी,
वेदीवर अंथरायचे चौकोनी रुमाल दोन,
आणि कठड्यावरचं ते लांब पांढरं कापड,
ज्याखाली हात सारून, हनुवटी उचलून
अख्खं गाव जीभ पुढे करतं
पोरांनी औषध घ्यावं तसं.

अख्खं गाव म्हणजे एकोणीस माणसं.
बाकीची फ्रान्समध्ये भिंती रंगवतात.
माझी इदालिना लक्झेंबर्गला बँकेच्या काचा पुसते.
फोनवर म्हणते, आई, मशीन घे,
साठ अंशांवर लाव, मोकळी हो.
मोकळी होऊन जाऊ कुठं, ते सांगत नाही.

मशीनला काय कळतंय.
पहिलं पाणी गटारात जाता कामा नये.
एखादा कण, थेंबाचा अंश,
त्यातही तो पुरा असतो, असं आम्हाला शिकवलं.
म्हणून वेदीमागच्या खोलीत भिंतीत दगडी कुंडी आहे,
तिचं भोक थेट मातीत उतरतं.
पुढे कुठं जातं, कुणी पाहिलं नाही.
भिंतीपलीकडचं अंजीर मात्र
कोरड्या सालीही गोड लागतं.
मी काही म्हणत नाही.

आणि पहिलं पाणी धर्मगुरूच्या हातचं. नियमच तसा.
पाद्रे अबीलियू तीनदा खंगाळणार,
मग माझा साबण, माझं ऊन, माझी इस्त्री.
चव्वेचाळीस वर्षं.

डागांवरून माणसं वाचता येतात.
गेल्या ईस्टरला कठड्याच्या कापडावर
लालचुटुक ओठ उमटला होता.
जागा मोजली. डावीकडून तिसरी.
ग्रासियोझा!
ब्याऐंशी वर्षांची, नवऱ्यामागे अकरा वर्षं काळ्यात.
लिंबू चोळून काढला तो डाग.
ती भेटली तेव्हा बटाट्यांविषयी बोलले.

दुसरा डाग दिसत नाही, लागतो.
आमच्या वेदीवरची वाईन पांढरी.
वाळली की रुमाल बोटांना कडक लागतो,
उजेडात धरला तर मधाची किंचित झाक.
आधी नाण्याएवढा होता.
द्राक्षं उतरवली तेव्हा तळहाताएवढा.
नाताळच्या आधी दोन, एकमेकांना भिडलेले.

ते पाठमोरे उभे असतात, जुन्या रीतीनं,
लॅटिन पुटपुटतात, एक अक्षर चुकत नाही.
आम्ही मागून म्हणतो, एत कुम स्पिरितु तुओ,
अर्थ न विचारता,
जांभईला जांभई यावी तसं.
पाठीवरून कुणाला काय कळणार?
हातांचं वेदीला ठाऊक,
आणि शनिवारी मला.

बोलले नाही कुणाला.
पलीकडच्या खोऱ्यात सहा चर्चना कुलपं आहेत.
किल्ल्या एकाच खिळ्याला टांगलेल्या मी पाहिल्यात.

गेल्या शनिवारी फडकं पाण्यात बुडवलं त्यांनी,
पिळायला घेतलं, पिळेना.
पाणी मनगटांवरून कोपरांकडे, झग्याच्या बाह्यांत.
पुन्हा घेतलं.
माझ्याकडे बघितलं नाही.
नुसतं म्हणाले, देओलिंदा.

नियम मला ठाऊक होता. त्यांना तर माझ्याहून.

मी जानेवारीच्या पाण्यात हात घातले.
फडक्याला शिवले नाही.
त्यांचे हात धरले, वरून,
पाखरू धरावं तितपत, मग जरा घट्ट,
आणि वळवले.
पिळलं त्यांनीच.
कुणी विचारलंच तर मी हेच सांगेन, बिशपलासुद्धा.

असं तीनदा.
कुंडीनं गुळगुळ करत सगळं गिळलं.
हात पुसताना ते म्हणाले,
यंदा अंजीर छाटायला हवं, फार माजलंय.
म्हटलं, छाटू.

आता इस्त्री तापलीय.
रुमालाची घडी तीन आडव्या, तीन उभ्या,
नऊ घरं होतात.
मधल्या घरात थोडा राहिलाय, निघत नाही.
कडा आत घेतल्या की
तो झाकला जातो, आपोआप.
घडीच तशी आहे, पहिल्यापासून.