गोरेआंगाबची रात्रपाळी

विंडहुकात नदी म्हणजे वाळूची पट्टी,
नकाशावर निळी, एरवी पोरांचं मैदान.
म्हणून शहर आपलंच पाणी
धुऊन पुन्हा पितं.

वेमुनाला येणाऱ्या प्रवाहावरून वार कळतो.
रविवारी संध्याकाळी फेस चढतो:
कातुतुरात उद्याचे गणवेश भिजलेत.
महिनाअखेरीला तेलाचा तवंग विरळ.
फुटबॉलच्या मध्यंतराला काटा एकदम उडतो
आणि ती एकटीच हसते,
"धरून बसला होतात होय रे सगळे!"

मग जिवाणू जेवतात, गाळ बसतो,
ओझोन, कोळसा, केसाहून बारीक पडदे.
कुणाचं काय ते गाळात राहतं,
पुढे जातं ते नुसतं पाणी.

आईला हे कधी पटलं नाही.
गावच्या विहिरीची बाटली उशाशी ठेवायची.
"आख्ख्या गावाचं उष्टं मी पिणार नाही."
वेमुना वाद घालत नसे,
चहा मात्र नळाच्याच पाण्याचा टाके.
आई दोन कप घ्यायची,
वर साखर कमी पडली म्हणायची.

पहाटेचे चार. नमुन्याचा पेला
ती दिव्यासमोर धरते. आरपार.
गेल्या मंगळवारी आईला शेवटची अंघोळ घातली,
तिघी बहिणींनी, कोमट पाण्याने.
ते पाणी मोरीतून इकडेच आलं असणार,
तिच्याच पाळीत कदाचित,
आणि केव्हाच पुढे गेलं
कुणाच्या तरी मक्याच्या लापशीत.

वहीत रकाने आहेत.
रंग: नाही.
वास: नाही.
चव:
पेन अडतं.
ती अजून एक घोट घेते.