दशा

विट्याच्या मंगल कार्यालयात
अंतरपाट धरायला दोन्हीकडचे मामा:
आमचा दत्तोबा, आणि तिचा,
सुमात्राहून तीन विमानं बदलून आलेला,
तिच्या भाषेत तुलांग.

शेवटचं सावधान झालं, पाट सरला.
अर्धा मांडव पंगतीकडे वळला.
तुलांग हातानंच म्हणाला, थांबा.
पिशवीतून जाड, काळंलाल वस्त्र काढलं
आणि निनादच्या न् तिउर्माच्या खांद्यांवरून
एकच, गच्च ओढून घेतलं.

मे महिना. पोराच्या मानेवर घाम.

मग डोक्यावर तांदूळ, हळद न लावलेले.
जीव टणक व्हावा म्हणून, सून सांगत होती,
दाण्यासारखा.

मी छत्तीस वर्षं माग चालवला.
आशीर्वादातलं मला फार कळत नाही.
कडेला जाऊन काठ चिमटीत धरला.
हातमागाचं. धोटा कुठं अडखळला
तेही बोटाला लागलं.
टोकाला दशा तशाच सोडलेल्या,
कापलेल्या नाहीत.

आमचं कापड मधून काढून घेतात,
घडी करून भटजीच्या पिशवीत.
हे अंगावरच राहिलं.

विचारावं वाटलं, किती दिवस लागले विणायला.
भाषा नव्हती.
तुलांगच्या मुठीत चार दाणे उरले होते.
मी टोपी काढली.