पासिंग

आमच्याकडे पासिंग म्हणजे गावाचं नाव.
परमुलखात झिरो नाईन दिसली की हात वर करायचा,
ओळख असो नसो.
इथे अजमानच्या सनैयात
पासिंग म्हणजे मुल्कियावर छापलेली
ऑगस्टमधली एक तारीख
आणि तिच्या आदली रात्र.

नूरवलीच्या गाळ्यात उभी केलीये गाडी,
एकशे पंचवीस सीसी, माझ्याआधी तिघांची.
रात्रीचे दहा, तरी पत्र्याला हात लावता येत नाही.
नूरवली बन्नूचा. आधी टायर बघतो,
अंगठ्याने धूळ पुसून चार आकडे वाचतो:
सतरा, एकवीस.
टायरलाही जन्मतारीख असते, आठवडा आणि साल.
"एक साल और," म्हणतो,
डॉक्टरच्या आवाजात नाही,
भाजीवाला शिळ्या मेथीबद्दल बोलतो तसा.

चेन मी स्वतः ताणली.
दोन बोटं खालून, जरा वर, जरा सोडून.
इचलकरंजीत अकरा वर्षं मागावर होतो,
ताण मला मोजावा लागत नाही.
जॉबरने शिव्या घालून शिकवलेलं
सुताचं होतं, लोखंडालाही चाललं.

चेसिस नंबर गंजाखाली गेलेला.
पॉलिशपेपरने घासत बसलो, हलक्या हाताने,
एक आकडा पुसला गेला
तर गाडी कुणाचीच नाही.
सातच्या जागी आधी एक दिसला,
मग हळूहळू त्याची मान वळली.

इंजिन मात्र रडतं.
हेडच्या खाली, डाव्या अंगाला, काळा एक थेंब.
गॅस्केट शारजाहून यायला चार दिवस,
तारीख उद्या.
नूरवलीने हिशोब मांडला:
पेट्रोलने पुसलं की थेंब जमायला पस्तीस मिनिटं.
सेंटर सोळा मिनिटांवर.
मधली एकोणीस अल्लाची.

मग सकाळी उठून मी पुसतच सुटलो.
इंजिन, मडगार्ड, हँडल,
मागचा लाल दिवा, त्याची काच,
जिथं हात पोचला तिथं पेट्रोल.
मागच्या महिन्यात व्हिसाच्या मेडिकलला
असाच दोनदा अंघोळ करून गेलो होतो,
जसा काही एक्स-रेला साबणाचा वास येतो.

रांगेत सात जण पुढे.
सगळे डिलिव्हरीवाले. मागच्या पेट्या उतरवलेल्या,
त्यामुळे गाड्या दिसतात
नुकती मिशी काढलेल्या माणसांसारख्या.
बावीस मिनिटं. सव्वीस.
मी वाकतो, बुटाची नाडी सोडतो, बांधतो.
एकतीस. पुन्हा दुसऱ्या बुटाची.
थेंब आलाय. अजून लोंबला नाही.

इन्स्पेक्टर पोरगेला, छातीवर नाव: हुमैद.
चेसिसवर टॉर्च मारली,
सात त्याने सातच वाचला.
हॉर्न. पुढचा ब्रेक. डावा, उजवा.
थेंब लोंबला.
तो मागे गेला, दिव्यावर बोट ठेवलं,
"हा असा पांढरा कसा?"

पेट्रोलने काच आंधळी झाली होती.
लालाची साय धरलेली.
मी काय सांगणार,
की हीच एक गोष्ट धड होती काल रात्रीपर्यंत.
"फेल. महिन्याभरात परत आण."
थेंब त्याच्या बुटाशेजारी पडला.
त्याने पाहिला, लिहिला नाही.
मी खाली बघितलं तर लेनभर काळे ठिपके,
जुने, नवे, एकावर एक,
कुठला कुणाचा सांगता येऊ नये असे.

नूरवली आधी हसला, मग खोकला,
मग परत हसला.
भंगारातल्या एका मेलेल्या गाडीची काच काढून आणली,
सदऱ्याच्या टोकाला पुसली. कोरडीच.
मी पाकीट काढलं.
"ह्याचे नको," तो म्हणाला, "गॅस्केटचे दे.
महिना मिळालाय ना तुला.
आता हेड खोलू."