पाठीखालचा हात

शब्द पाळक चिंगोटांचे.
पाठ माझी.
एकवीस वर्षं मंडळीत माझं काम एवढंच:
न्खोटाकोटाच्या खाली, जिथे सरोवराचा तळ वाळूचा आहे,
कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं
आणि मागे कलणाऱ्या माणसाला
तळहातावर पडू द्यायचं.

पाठी कळतात मला.
शाळामास्तरांची ताठ, वल्ह्यासारखी.
नव्या नवरीची, हसू दाबताना थरथरणारी.
दारू सोडलेल्या वायसनची इतकी हलकी
की वाटलं, आत कुणी राहतच नाही.

आज रांगेत शेवटी लेकेलेनी.
वय बासष्ट.
दारात सरोवर, तरी पाणी आणते
मैलभरावरच्या हातपंपावरून.
तिच्याआधीची तीन भावंडं अंगावर पीत असतानाच गेली,
म्हणून चौथीचं नाव ठेवलं लेकेलेनी,
म्हणजे ‘सोडा हिला’. मरणाला उद्देशून.
मरणाने ऐकलं.
हिला सोडलं, आणि हिचा माणूस नेला.

त्या रात्री म्वेरा सुटला होता, दक्षिणेचा वारा.
नाव उलटली. आम्ही तिघे होतो.
येलेसानीचं मनगट माझ्या मुठीत होतं.
पहाटे मूठ होती.

तयारीच्या वर्गात तिने विचारलं होतं,
“पापच धुवायचं तर कळशीभर पाणी पुरत नाही का?”
पाळक म्हणाले, “हे धुणं नाही, बाई,
हे पुरणं आहे. ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं,
त्याच्याबरोबर उठण्यासाठी.”
ती बराच वेळ बोटांवर चितेंजेचं टोक गुंडाळत राहिली.
“माझ्या माणसाला मूठभर माती मिळाली नाही,” म्हणाली,
“तो इथेच पुरलाय.
मग मला दुसरं पाणी नको.”
पाळकांनी पुस्तक मिटलं.
मी खिडकीतून उगाच बोटी मोजल्या.

आता ती येते आहे.
घोटे. गुडघे.
चितेंजेत हवा भरते, फुगा होतो,
ती दोन्ही हातांनी तो दाबते, चिडून,
जशी उतू जाणारी लापशी दाबावी.
“नवं नाव घेणार?” पाळक विचारतात.
“आहे तेच.”

मग माझ्याकडे वळून, हळू,
पाळकांनाही ऐकू येणार नाही इतकं हळू:
“बिनोसी, किती वेळ धरला होतास?”

एकोणीस वर्षं मी हे उत्तर घोकलं होतं.
लाटा होत्या, दोर होता, अंधार होता.
सगळं होतं.
“उजाडेपर्यंत नाही,” म्हणालो.

तिने मान हलवली.
हात छातीवर घेतले,
आणि पाळकांनी तोंड उघडायच्या आत
मागे कलली. त्याच हातावर.

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

पाणी मिटलं.
ती डोळे उघडे ठेवून होती.
एक श्वास, फार तर दीड.
तेवढ्यात मला पुन्हा मनगट आठवलं,
आणि बोटं इतकी घट्ट झाली
की तिला उद्या वळ दिसतील.

जुना माणूस मरतो, नवा उठतो,
पाळक दर वेळी सांगतात.
कोण मरतं ते मला दिसलेलं नाही.
मला वजन तेवढं ठाऊक.
वर येताना माणूस जास्त जड असतो.
लोक म्हणतात, ओले कपडे.
मी वाद घालत नाही.

ती आली. खोकली, नाकातून पाणी,
केसांत शेवाळाचा एक धागा.
काठावर बायांनी गाणं उचललं.
ती पायांवर उभी होती, नीट,
आणि माझा हात अजून तिच्या पाठीवर.
“बिनोसी,” ती म्हणाली, “आता सोड.”

मग काठाकडे चालत गेली,
वाटेतच नातीला ओरडून विचारत,
वाळत घातलेल्या उसिपा मासळीवर
कुणी राखणीला बसलंय की नाही.